'हं' एवढीच मुभा

पडद्याला एक भोक होतं. जमिनीपासून साधारण कमरेच्या उंचीवर, करंगळी सैलसर जाईल एवढंच. कड उसवू नये म्हणून ती काजाच्या टाक्याने बांधून घेतलेली होती. टाके एकसारखे आणि जवळजवळ होते. खालच्या बाजूचे तेवढे काळपट पडले होते, कारण रबरी नळी तिथेच घासत असे. हे भोक अधिकृत होतं. लोककल्याण स्पर्धा कक्षाने त्याला रीतसर मंजुरी दिली होती, आणि मंजुरीत स्पष्ट म्हटलं होतं की सदर छिद्रातून हवेखेरीज कोणतीही वस्तू, माहिती अथवा भावना एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाणार नाही.

पेडणे तालुक्यात, मोपाच्या पठाराच्या उतारावर तळपाणी नावाचं गाव. गावातलं आरोग्य उपकेंद्र म्हणजे एक खोली, दोन दारं, खिडकी म्हणून एक जनेल, एक पंखा आणि एक बाक. खोलीच्या मधोमध तो हिरवा पडदा. जनेलाच्या अंगाला 'सेवा घटक अ', म्हणजे परिचारिका गौरवी. पंख्याच्या अंगाला 'सेवा घटक ब', म्हणजे आरोग्य कर्मचारी साईश. हे दोन्ही घटक एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. त्याआधीपासून ते नवराबायकोही होते, पण ही गोष्ट कक्षाच्या लक्षात जरा उशिरा आली.

रक्तदाब मोजायचं यंत्र उपकेंद्रात एकच होतं. स्पर्धा निकोप व्हायची तर साधनांचं वाटप समान हवं, म्हणून दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि कानाला लावायचा स्टेथोस्कोप 'अ'कडे गेला, दाबायचा फुगा आणि आकड्यांची तबकडी 'ब'कडे आली. दोघांना जोडणारी रबरी नळी भोकातून जायची. गौरवी पट्टा बांधायची, साईश पलीकडून फुगा दाबायचा आणि हळूहळू हवा सोडायचा. पहिला ठोका ऐकू आला की गौरवी म्हणायची, "हं." ठोके थांबले की पुन्हा, "हं." त्या दोन क्षणी काटा कुठे आहे ते साईश बघून ठेवायचा. प्रतिस्पर्ध्यांनी कामाच्या जागी बोलायला बंदी होती. मात्र बऱ्याच पत्रव्यवहारानंतर कक्षाने असं स्पष्टीकरण दिलं होतं की 'हं' हा उद्गार माहितीची देवाणघेवाण मानला जाणार नाही.

आकडा ही 'ब'ची मालमत्ता. तो हवा असेल तर रुग्णाने 'अ'च्या दाराने बाहेर पडायचं, इमारतीला वळसा घालून 'ब'च्या दाराने आत यायचं, आकडा ऐकायचा आणि पुन्हा वळसा घालून तो गौरवीला सांगायचा. ग्राहकाने स्वतः माहिती वाहून नेण्यास कक्षाची हरकत नव्हती. चालण्याने रक्तदाब वाढतो, आणि परत आलेला आकडा धापा टाकणाऱ्या माणसाच्या तोंडून येतो, हे गौरवीने एकदा लेखी कळवलं होतं. वाढलेला रक्तदाब ही वाढलेली मागणी असल्याचं उत्तर आलं.

हे सगळं सुरू झालं ते निहार सर आल्यापासून. निहार हा कक्षाचा स्पर्धा समन्वयक. बोलायला मऊ, कपडे स्वच्छ. समोरच्याने काहीही म्हटलं तरी 'उत्तम प्रश्न' म्हणायची त्याला सवय होती.

"गावात एकच उपकेंद्र आहे, याचा अर्थ काय, मॅडम?" पहिल्याच भेटीत त्याने विचारलं होतं.

"गाव लहान आहे," गौरवी म्हणाली.

"नाही. एकाधिकार आहे. आजारी माणसाला पर्याय नाही. तो तुमच्याकडे निवड करून येत नाही, नाइलाजाने येतो."

"ताप आला की माणूस नाइलाजानेच येतो, सर."

"उत्तम प्रश्न. हीच मानसिकता आपल्याला बदलायची आहे."

दुसरा कोणी सेवादाता यावा म्हणून निविदा काढली गेली. कोणीही आलं नाही. विमानतळ झाल्यापासून पठारावर हॉटेलवाले आले होते, गाड्या भाड्याने देणारे आले होते, जमिनीला मोजपट्टी लावणारे तर रोज येत होते. साखरेने पाय सुजलेल्या म्हाताऱ्यांत मात्र कोणाला रस नव्हता. पण बाजार आला नाही म्हणून स्पर्धा थांबवायची का? निहारने आहे त्याच उपकेंद्रातून स्पर्धा निर्माण केली. कापूस 'अ'ला, जंतुनाशक 'ब'ला. कात्री 'अ'ला, चिकटपट्टी 'ब'ला. वर्षअखेर ज्या घटकाकडे कमी ग्राहक, तो घटक बंद व्हायचा आणि त्याच्या कर्मचाऱ्याची बदली काणकोणला व्हायची. तळपाणी गोव्याच्या एका टोकाला, काणकोण दुसऱ्या. नकाशावर याहून लांब बदली शक्य नव्हती. असती तर कक्षाला ती सापडली असती.

दोघांचं नातं उघड झालं ते जेवणाच्या सुट्टीत. तपासणीला आलेल्या निहारने पडद्याच्या अलीकडे डोकावलं, मग पलीकडे डोकावलं. दोन्ही डब्यांत तीच सुंगटाची, म्हणजे कोळंबीची, कढी होती, वरच्या आमसुलासकट.

"तुम्ही एकाच ठिकाणाहून डबा घेता?"

"घरातून," साईश म्हणाला.

"कोणाच्या?"

"आमच्या. लग्न झालंय आमचं, सर."

निहारने खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. "कधी?"

"स्पर्धेच्या आधी."

त्याने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. चांगली माणसं आणि एवढा गंभीर दोष! वेगळं राहता येईल का, असं त्याने सुचवून बघितलं. घर एकच, चूलही एकच होती. शेवटी माणुसकीच्या दृष्टीने कक्षाने सवलत दिली: दोघांनी एका छताखाली राहावं, पण ग्राहक, आजार, औषध, आहार आणि एकूण आरोग्य या विषयांवर घरी बोलू नये. तसं बोलणं म्हणजे संगनमत.

पहिल्या रात्री साईशला सर्दी झाली. त्याला लागोपाठ शिंका आल्या. गौरवी निवांत भांडी पुसत होती. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. पाणी गरम केलं आणि तांब्या त्याच्या समोर ठेवला.

"हे काय?" त्याने विचारलं.

"पाणी."

"गरम कित्याक?"

"हं," गौरवी म्हणाली.

त्याने वाफ घेतली. कढीत मीठ कमी आहे असं तिला सांगायचं होतं, पण मीठ हा आहार होता. तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय असं त्याला सांगायचं होतं, पण ते निदान होतं. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की लग्नात जे काही बोललं जातं त्यातलं बहुतेक आरोग्याविषयीच असतं. जेवलास का, झोप लागली का, एवढा गप्प का. मग त्यांनी 'हं'वर भागवायला सुरुवात केली. चढता 'हं', उतरता 'हं', विचारणारा आणि माफ करणारा. पाच-सहा महिन्यांत दोघं त्यात इतके तरबेज झाले की एका रात्री पुरं भांडण होऊन मिटलंसुद्धा, आणि शेजारच्यांना वाटलं की दोघं गाणं म्हणतायत.

हे इथवर चाललं असतं. माणसं याहून वाईट गोष्टींत संसार करतात. अडचण होती ती शेवंतीच्या पायाची.

शेवंती एकटीच राहायची. गावाच्या वरच्या वाड्यातून येणारी पाणंद खालच्या वाड्याकडे वळते त्या वळणावर तिचं घर. देवाची पालखी निघाली की तिच्या दारात टेकायची आणि तिथे खांदे बदलायचे, वरच्या वाड्याचे उतरायचे आणि खालच्या वाड्याचे लागायचे. त्यामुळे शेवंती कुठल्याच वाड्याची नव्हती. वर्षातून एकदा देव तिच्या दारात थांबतो याचा तिला फार अभिमान होता. साखरेमुळे तिच्या उजव्या पायाच्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी, जखम झाली होती. स्पर्धेच्या आधी गौरवी आणि साईश संध्याकाळी घरी जाताना तिच्याकडे वाकडी वाट करून जात. साईश पाय मांडीवर घेऊन धरायचा आणि काहीबाही बोलून तिला हसवत ठेवायचा, गौरवी जखम धुऊन बांधायची. दुखलं की शेवंती साईशला शिव्या घालायची, कारण गौरवीला घातलेल्या तिला बऱ्या वाटत नसत. मग तिघांचा चहा व्हायचा. जखम भरत आली होती. कड गुलाबी झाली होती.

नव्या नियमाने प्रत्येक ग्राहकाने दर खेपेला 'अ' किंवा 'ब' यांतला एक जण निवडायचा आणि तोंडाने तसं जाहीर करायचं. निवड केली नाही तर सेवा नाही. न निवडलेल्या माणसाला हात लावणं ही अघोषित सेवा ठरायची, आणि ती देणाऱ्या घटकाचे सगळे ग्राहक बाद.

"काकी, कोणाचां तरी नाव घे," गौरवी तिच्या पायरीवर उभी राहून म्हणाली. "माजां घे, नाय तर साईशाचां. पाय उघडो ठेवन चलाचां नाय."

"सांगतंय मागीर."

"मागीर म्हणजे केन्ना?"

"तुजां नाव घेतलां तर साईश काणकोणाक. ताजां घेतलां तर तू," शेवंती म्हणाली. "माजो पाय बरो जातलो आणि तुमचो संसार लंगडतलो. मागीर सांगतंय म्हटलां मरे!"

"दाखय तरी पाय."

"हात लावू नको! ती तुजी गिऱ्हायकां बाद जातली. चाय घे. चायेक कायदो नाय."

चहाला कायदा होता, पण गौरवी प्यायली.

उपकेंद्राच्या जनेलातून ते वळण दिसत असे. गौरवीने बोलणं सोडलं होतं, बघणं सोडलं नव्हतं. आधी शेवंती पुरं पाऊल टेकून चालायची. मग ती पावलाची बाहेरची कड टेकू लागली. मग फक्त टाच. पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की ती उंडे घ्यायला पाणंदीपर्यंत यायची, तीही पुढे दारातूनच हात करू लागली. मग पोदेर स्वतःच सायकल उभी करून आत जाऊन देऊ लागला. पाव घरात नेऊन देणं ही सेवा आहे की विक्री, याबद्दल अजून नियम झाला नव्हता.

गावाचं म्हणाल तर गावाने सुरुवातीला सभ्यपणा दाखवला. तळपाणीतला माणूस कोणाच्या तोंडावर नाही म्हणत नाही. गौरवीकडून खोकल्याचं औषध घेतलं आणि साईशकडे न डोकावता घरी गेलं, तर त्याला काय वाटेल? म्हणून जो तो इकडे जाऊन तिकडेही जाऊ लागला. वृद्ध मंडळी दोन्हीकडे अर्धा अर्धा आजार सांगत. महिनाअखेर कक्षाच्या लक्षात आलं की तळपाणी हे तालुक्यातलं सगळ्यात आजारी गाव आहे. धूर मारून गेले, पाणी तपासून गेले. शेवटी एका पंधरवड्यात एका माणसाने एकाच घटकाकडे जायचं, असा हुकूम निघाला.

तेव्हा गावाने हे प्रकरण सगुणबाबांकडे नेलं. सगुणबाब देवळाचे मानकरी. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा, आणि दर पालखीला कुठला वाडा कुठून कुठवर खांदा देणार हे तेच ठरवत.

"पालखी कोणी धरची हाजेवरून आमच्या गावात केन्ना झगडां जालां?" त्यांनी विचारलं. "नाय. कित्याक? पाळी. हांगाय पाळी लावया."

एका पंधरवड्यात वरच्या वाड्याने गौरवीकडे जायचं, खालच्याने साईशकडे. पुढच्या पंधरवड्यात उलट. कुठल्या वाड्यात आजारी कमी पडले तर सगुणबाब स्वतः काठी टेकत फिरून तूट भरून काढत.

"बाबली, उद्या तुजां पोट दुखता."

"माका?" बाबली दचकला. "केन्नासून?"

"उद्यासून. साईशाकडे जा. आणि खंयचां दुखता ता बरां दाखय, गेल्या खेपेक तू गुडघो दाखयलंस."

शेवंती कुठल्याच वाड्याची नसल्यामुळे पाळीत तिचं नाव आलं नाही. कोणी मुद्दाम वगळलं नाही. पाळी फार सुरेख बसली होती, आणि तिच्यामुळे संख्या विषम होत होती.

या सगळ्याची खरी मजा कोणाला कळली असेल तर ती विशालला. विशाल वरच्या वाड्यातला, पणजीला नोकरी, साईशपेक्षा लहान. शिकलेला, वाचणारा, आणि मनाने वाईट मुळीच नव्हे. व्यवस्थेतलं व्यंग त्याला लांबून दिसायचं. सुट्टीच्या दिवशी तो उपकेंद्रात यायचा, बाकावर बसायचा आणि नळी भोकातून जाताना बघून खुदखुदायचा. मग त्याचे ऑफिसातले मित्र त्याच्याबरोबर येऊ लागले. सगळे आपला रक्तदाब मोजून घ्यायचे. सगळ्यांचा उत्तम होता.

"वहिनी, हे बघायला लोकांनी तिकीट काढलं पाहिजे," तो डोळे पुसत म्हणायचा. "त्या 'हं'चा आदेश मी पाठ करून ऑफिसात म्हणून दाखवला. माणसं खुर्चीवरून पडली!"

"विशाल," गौरवी पट्टा गुंडाळत म्हणाली, "तू रोज शेवंतीकाकीच्या दारावरून जातस. जरा आत डोकावन विचारशीत, पाय कसो आसा?"

"विचारतो. नक्की विचारतो."

पुढच्या रविवारी तो आला तेव्हा तिने त्याच्याकडे बघितलं.

"अरे हो," तो म्हणाला. "गाडीत होतो, वहिनी. पण ऐका ना, बाबलीचं पोट आणि गुडघा मी सांगितला, तर आमचे साहेब म्हणाले, हे लिहून काढ. याच्यावर कोणीतरी लिहिलंच पाहिजे."

वर्ष संपत आलं. कक्षाने दोन्ही घटकांचे ग्राहक मोजले, आणि ते समान निघाले. पुन्हा मोजले, तरी तितकेच. दशांश चिन्हाच्या पुढे कितीही घरं गेलं तरी फरक सापडेना. निसर्गात इतकी समानता आरशाशिवाय कुठे आढळत नाही, हे गौरवीला शाळेपासून माहीत होतं, पण तिला कोणी विचारलं नाही. निहार तातडीने आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"हे ग्राहकांचं संगनमत आहे," तो सगुणबाबांना म्हणाला. "लोक स्वतःच्या मनाने निवडतच नाहीत."

"आमचां मन असांच आसा," सगुणबाब म्हणाले.

"बाजारात कोणीतरी हरावं लागतं, काका. नाहीतर जिंकलेल्याला कसं कळणार?" त्याने खिन्नपणे मान हलवली. "आता स्वेच्छा सक्तीची करावी लागेल."

सक्तीच्या स्वेच्छेसाठी देवळाच्या मंडपात सगळं गाव जमवण्यात आलं. पठारावर मोबाइलला धड रेंज नसल्यामुळे प्रत्येकाने उभं राहून, मोठ्याने, 'अ' किंवा 'ब' म्हणायचं असं ठरलं. पुढे एका बाजूला गौरवीला बसायला कदेल, दुसऱ्या बाजूला साईशला. दोघांच्या मध्ये, नियमाप्रमाणे, उपकेंद्रातून आणलेला तो हिरवा पडदा एका दोरीवर. मागच्या रांगेत विशाल बसला होता, चित्रण करायला मोबाइल धरून. त्याने आज रजा घेतली होती.

शेवंतीला चौघांनी खुर्चीसकट उचलून आणलं. उजव्या पायाला जुन्या साडीचं फडकं गुंडाळलेलं होतं. ती मंडपात आली तशी गौरवीला वासावरूनच कळलं. फडक्याच्या वर, घोट्याकडे जाणारी कातडी ताणून चकचकीत झाली होती, आणि नडगीवर विष चढल्याची एक लालसर रेघ वर निघाली होती. ती रेघ कुठे जाते आणि तिथे पोचायला तिला किती थोडा वेळ लागतो, हे गौरवीने पुस्तकात वाचलं होतं, आणि एकदा प्रत्यक्ष पाहिलंही होतं.

"हं?" पडद्याच्या पलीकडून साईशने हळूच विचारलं.

"हं," गौरवी म्हणाली. तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात खोल गेलेला 'हं' होता. पलीकडची कदेल करकरली.

निहारने नियम वाचून दाखवले. निवड अंतिम राहील. कोणी कोणाच्या कानात सांगू नये. सगुणबाबांनी काठी वर केली.

"एखाद्याक दोघंय नको आसलीं तर?"

"उत्तम प्रश्न!" निहारचा चेहरा उजळला. बऱ्याच दिवसांनी कोणी मुद्द्याचं विचारलं होतं. "बाजार सर्वांना खुला आहे. ग्राहक कोणाचीही निवड करू शकतो. या मंडपातल्या कोणाचीही! आणि ज्याची निवड होईल त्याला नकार देता येणार नाही. नकार म्हणजे ग्राहकाची अडवणूक, ती दंडनीय आहे."

मागून विशालचं हसू आलं. "झकास!" तो शेजाऱ्याला म्हणाला. "हे वाक्य तर सुवर्णाक्षरांत लिहायला हवं."

निवड सुरू झाली. एक माणूस उभा राहून 'अ' म्हणायचा, पुढचा 'ब'. पुन्हा 'अ', पुन्हा 'ब'. सगुणबाबांनी माणसं तशीच बसवली होती. बाबली चुकून 'अ' म्हणाला, बायकोने कोपर मारलं, आणि तो "बऽ" करत खाली बसला. लोक हसले, निहारलाही हसू आलं. डोक्यावरून एक विमान उतरत गेलं, तेवढ्यापुरती निवड स्थगित ठेवण्यात आली. शेवटचा माणूस बसला तेव्हा हिशेब पुन्हा समसमान होता, आणि गावाने एकमेकांकडे बघून समाधानाने माना हलवल्या. कोणाला दुखावलं नव्हतं. कोणी वाईट नव्हतं झालं.

"एक ग्राहक राहिलाय," निहार म्हणाला.

सगळी तोंडं शेवंतीकडे वळली. ती पायाकडे बघत होती.

"मावशी, तुमच्या एका शब्दावर निकाल आहे. 'अ' की 'ब'?"

"मागीर सांगतंय," शेवंती सवयीने म्हणाली.

"मागाहून नाही. आत्ताच."

गौरवी उठली. ग्राहक बाद, घटक बंद, काणकोण, सगळं एकदम तिच्या डोक्यातून गेलं आणि तिने एक पाऊल पुढे टाकलं. पडद्याच्या दुसऱ्या कडेने साईशही बाहेर आला होता. त्याच्या हातात जंतुनाशकाची बाटली होती, तिच्या हातात कापूस. बऱ्याच दिवसांनी दोघं दिवसाउजेडी एकमेकांसमोर होती.

"थांबा! अघोषित सेवा!" निहार ओरडला. "पुढे पाऊल टाकलंत तर दोघांचेही सगळे ग्राहक बाद. दोन्ही घटक बंद होतील. गावाला काहीच उरणार नाही."

"बस गो बाय," शेवंती म्हणाली. "तूय बस रे. माका बोलूचां आसा."

ती दोघं उभीच राहिली. शेवंतीने मान वर केली.

"तुया काय म्हटलंस, पुता? कोणाकय निवडूक येता?"

"कोणालाही, मावशी."

"आणि तो नाय म्हणाक शकना?"

"मुळीच नाही."

शेवंतीने बोट वर केलं. बोट गौरवीपाशी आलं, क्षणभर थांबलं, आणि पुढे गेलं. साईशवरून गेलं. निहारने नकळत खुर्ची मागे सरकवली, पण बोट त्याच्यावरूनही गेलं. सगुणबाबांपाशी आलं, तेव्हा त्यांनी मान खाली घातली. मग ते गावावरून, रांगेमागून रांग, सावकाश फिरू लागलं, आणि ते जिथे जाई तिथले लोक आपापली पावलं धोतराखाली, लुगड्याखाली ओढून घेऊ लागले. शेवटच्या रांगेत विशाल मोबाइलमधून हे सगळं बघत होता. त्याच्या ओठांवर ते समंजस, हुशार, सगळं उमगलेलं हसू अजून तसंच होतं, कारण पडद्यावरचं बोट नेमकं आपल्यावर रोखलंय हे लक्षात यायला पडद्यातून बघणाऱ्याला जरा वेळ लागतो.

"तो," शेवंती म्हणाली. "सुरवातीपासून हासता. म्हणजे ताका पयलीपासून सगळां कळलां. माजो पाय मी ताच्याकडसून धुवन घेतंय."